अक्काच्या गाडीचं तोंड

अक्काची पिकअप माझ्या गॅरेजात आली ती दुसऱ्याच्या पाठीवर बसून. सरकी पेंड न्यायला भोकरहून लातूरला निघालेला एक रिकामा ट्रक दाजींनी गाठला होता. गावातल्या शाळेमागं उंच बांध आहे, त्याला ट्रक मागून लावला आणि चार माणसांनी पिकअप आत ढकलली. ट्रक माझ्या दारात थांबला तेव्हा केबिनमधून एकटे दाजीच उतरले. मी आधी गाडी बघायला हवी होती, पण मी अक्काला शोधत राहिलो.

"ती न्हाई आली," दाजी म्हणाले. "गाडीचं तोंड बघायलाच तयार न्हाई ती."

तोंड खरंच बघण्यासारखं राहिलं नव्हतं. उजवा दिवा वायरीला लोंबत होता. बंपर आत गेला होता आणि बोनट मधोमध उभा राहिला होता. रेडिएटर ज्या पत्र्याच्या चौकटीत बसतो तिला आम्ही 'शो' म्हणतो. तो शो चुरगळून पंख्याला टेकला होता. चाकावरची आतली भिंत, म्हणजे एप्रन, फाटली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेसीचा उजवा दांडा आत वळला होता. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा. तिचे दोन दांडे पुढं येतात आणि त्यांच्यावरच इंजिन, चाकं, सगळा संसार उभा असतो. पत्रा बदलता येतो, पण दांडा वाकला की गाडीवाल्याचा चेहरा पडतो.

माझा मात्र पडत नाही. खोटं कशाला बोलू, अशी ठोकलेली गाडी दारात आली की मला आतून उकळ्या फुटतात. मालकासमोर तोंड पाडून उभं राहावं लागतं, "अरेरे, फार लागलं हो," असं म्हणावं लागतं, पण मनात मी कुठून कापायचं, कुठून ओढायचं याचा हिशेब सुरूही केलेला असतो. इंजिनचं काम करणारे स्वतःला डॉक्टर समजतात. समजू द्या. तोंड सरळ करायला शेवटी माझ्याकडंच यावं लागतं.

त्या दिवशी मात्र उकळ्या फुटल्या नाहीत, कारण ते तोंड अक्काचं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. भोकरजवळच्या खेड्यात तिची शेती आहे, हळद आणि भाजीपाला. दाजी शेतीत वाघ आहेत, पण चाकावर बसले की त्यांना घाम फुटतो. सायकलसुद्धा त्यांनी धरून न्यायलाच जास्त वापरली. भाजी बाजाराला न्यायची तर दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बसायचं आणि तोवर मेथी मान टाकायची. एकदा दाजींनी कुणालाही न विचारता मुखेडकडच्या एका माणसाची जुनी पिकअप घेतली आणि तिला झेंडूचा हार घालून दारात आणून उभी केली. मी या धंद्यात हयात घालवलेला सख्खा मेहुणा, आणि मला फोनसुद्धा नाही! हा राग मी अजून जपून ठेवलाय.

गाडी आली, पण चालवणार कोण? अक्का म्हणाली, मी. गाव हसलं. ज्या माणसाची गाडी होती त्याच्याच ड्रायव्हरनं तिला शिकवलं. अक्का शिकली आणि भोकरच्या बाजारात लुगड्याचा काष्टा घालून पिकअप लावणारी पहिली बाई झाली. मग गावातल्या बायका भाजीच्या जुड्यांसोबत मागं बसून बाजाराला जायला लागल्या. कुणाला दवाखान्यात जायचं असायचं, कुणाला बँकेत, कुणाला नुसतं जायचं असायचं. जायला गाडी आहे आणि चालवणारी आपल्यातलीच आहे, म्हणून घरातून कुणी अडवत नव्हतं. गाडीची किल्ली अक्काच्या कमरेला असायची आणि ती दुसऱ्या कुणाच्याही हातात द्यायची नाही. मी गेलो की मीही शेजारच्या सीटवर.

असली ही अक्का. आणि दाजी मला सांगत होते की ती आता स्टेअरिंगला हात लावणार नाही.

झालं होतं असं. सकाळी बाजाराला निघाली होती, मागं मेथी आणि चार बायका. पुढं शेळ्या आडव्या आल्या. अक्कानं ब्रेक मारला. गाडी डावीकडं खेचली गेली, रस्ता सोडून खाली उतरली आणि ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्याला उजव्या कोपऱ्यानं धडकली. शेळ्या वाचल्या. बायकांना खरचटलंही नाही, त्या मेथीवर पडल्या. अक्काच्या कपाळाला टेंगूळ आलं. एवढंच. पण त्या दिवसापासून तिनं कमरेची किल्ली काढून देवळीत ठेवून दिली.

"म्हणते, बाईमाणसाचं काम न्हवतंच ते, मीच उगं हट्ट केला," दाजी म्हणाले. "म्हणते, माझ्या हातून चार बायका मेल्या असत्या. आता तू असं कर, गाडी नीट कर आन इथंच कुणाला तरी विकून टाक."

मला असा संताप आला की हातातला पाना मी लोखंडाच्या ढिगात फेकला. अक्कानं असं बोलावं? जिनं मला खांद्यावर घेऊन नाला ओलांडून शाळेत नेलं, जी बैल उधळला तरी कासरा सोडत नव्हती, तिनं?

"दाजी," मी म्हणालो, "गाडी मी नीट करतो. पण विकणार न्हाई, आन तुमच्या हातात किल्लीबी देणार न्हाई. माझ्या गॅरेजची रीत तुम्हाला ठाऊक हाय."

ही रीत माझ्या उस्तादांची. नांदेडला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हातोडी धरायला शिकलो. त्यांचा नियम असा होता की ज्याच्या हातून गाडी ठोकली, त्यानंच ती नीट झाल्यावर बाहेर काढायची. मालक कितीही मोठा असो, ड्रायव्हर कितीही घाबरलेला असो. "जिसके हाथ से लगी, उसीके हाथ से निकलेगी," असं म्हणून ते किल्ली हातात ठेवायचे आणि शेडमधली सगळी माणसं काम थांबवून उभी राहायची. थरथरत आलेले ड्रायव्हर त्या दारातून हॉर्न वाजवत जाताना मी बघितलेत. पत्र्याचं काम पत्रा सरळ झाला की संपत नाही, हे मला तिथंच कळलं.

दाजी एसटीनं परत गेले आणि मी कामाला लागलो.

माझा वेल्डर माझ्याहून वयानं मोठा आहे आणि बोलायला महाकंजूष. आम्ही दोघांनी मिळून गाडीचं पुढचं सगळं उघडलं. बंपर, दिवे, बोनट, रेडिएटर, दोन्ही मडगार्ड काढून बाजूला ठेवले. फाटलेला शो आणि उजवा एप्रन जोडावर कापून काढला. दांडा साखळी लावून ओढून बघितला, पण त्याला घडी पडली होती. घडी पडलेलं लोखंड सरळ दिसतं, पण पुन्हा मार बसला की तिथंच मोडतं. म्हणून तोही जोडापर्यंत कापला आणि त्याच जातीच्या भंगारातल्या गाडीचा दांडा आणला.

आता नवीन दांडा नेमका कुठं बसवायचा? मोठ्या शोरूममध्ये याला यंत्रं असतात. आमच्याकडं सोपा हिशेब आहे. गाडीला दोन बाजू असतात. एक ठोकली तर दुसरीला विचारायचं. चांगली बाजू सरळ धरायची आणि तिच्यापासून आडवं मोजत ठोकलेली बाजू तिच्या बरोबरीनं उभी करायची. मी डाव्या बाजूपासून मापं घेतली, खडूनं खुणा केल्या, वेल्डरनं नवीन दांडा आणि एप्रन चार ठिकाणी ठिपके देऊन टाचला. पक्कं वेल्डिंग नंतर. मधे नवा शो उभा केला आणि मोठ्या ऐटीत बोनट वर ठेवला.

बोनट बसेना. एका बाजूला बोट जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला कागद शिरणार नाही.

मी ठिपके तोडायला लावले. पुन्हा मापं, पुन्हा खुणा, पुन्हा टाचणं. पुन्हा तेच. मग मी टेप तिरका धरला. उजव्या दांड्याच्या टोकापासून डाव्या बाजूच्या मागच्या भोकापर्यंत, आणि मग डाव्यापासून उजव्यापर्यंत. घराचा पाया आखताना गवंडी दोरी अशीच तिरकी धरतो. दोन्ही मापं एक आली की चौकोन सरळ. माझी येत नव्हती. चांगला अंगठाभर फरक.

मी वेल्डरवर ओरडलो. तो ढिम्म. मी टेपला शिव्या दिल्या आणि शेजारच्या फर्निचरवाल्याचा टेप मागून आणला. त्यानंही तेच सांगितलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला, जेवायला कधी येताय म्हणून, तिच्यावरही खेकसलो. उपाशी राहिलो ते वेगळंच.

मी डोकं धरून बसलेला असताना वेल्डरनं हातोडी उचलली आणि ज्या डाव्या दांड्याला हातही लावायची आम्हाला गरज वाटली नव्हती, त्याच्यावर मागून पुढं ठोकत आला. टण्ण. टण्ण. टण्ण. भद्.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं पुन्हा तिथंच मारली. भद्.

मी पटाशी घेऊन खरवडायला लागलो. वरचा रंग निघाला, खाली पुट्टी. पुट्टी निघते आहे, निघते आहे, संपतच नाही. वरणाला डाळ नसेल एवढी पुट्टी. आणि तिच्याखाली जुन्या वेल्डिंगची एक वेडीवाकडी शिवण आणि वर ठिगळ. म्हणजे ही गाडी दाजींनी हार घालायच्या आधीच कधीतरी डाव्या बाजूनं जबर ठोकली होती. कुणीतरी दांडा कसाबसा जोडला, वाकडाच जोडला, वर पुट्टी थापली, रंग मारला आणि गाडी विकली. मी दोन दिवस त्या वाकड्या बाजूलाच विचारत होतो, आणि तिनं सांगितलं तशी नवी बाजूही इमानदारीनं वाकडी बसवत होतो. आंधळ्याला रस्ता विचारून वर त्याच्यामागं पळत होतो म्हणा.

वेल्डर हसायला लागला. हा माणूस हसतो हेच मला माहीत नव्हतं. मग मीही हसलो. दोघंही तोंडावर पुट्टीची धूळ घेऊन जमिनीवर बसून हसत होतो आणि रस्त्यावरची माणसं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी नांदेड गाठलं. डाव्या बाजूचा बिनजोडाचा दांडा मला माझ्या हातानं वाजवून घ्यायचा होता. जुन्या पार्टवाल्यांच्या ढिगांमधून हातोडी घेऊन फिरलो, लोकांना वाटलं डोकं फिरलंय. टण्ण वाजणारा एक सापडला, तो बगलेत मारून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "हे काय?" म्हटलं, "बहिणीला न्यायचंय." त्यानं तिकीट फाडलं.

ठिगळाचा दांडा कापून ढिगात टाकला. आता दोन्ही बाजू नव्या, आणि विचारायला कुणीच नव्हतं. मागच्या सरळ चेसीवर दोरी धरून मधली रेघ आखली आणि तिच्यापासून दोन्हीकडं मोजत पुढं आलो. शेवटी टेप तिरका धरला. एकीकडून बघितलं, दुसरीकडून बघितलं. दोन्ही मापं एकच! या आनंदाचं काय सांगू? लोक लेकराच्या निकालाला पेढे वाटतात, मी त्या दिवशी आख्ख्या गल्लीला चहा पाजला. बोनट ठेवला तर तो कुणी न सांगता आपल्या जागी जाऊन बसला. मग पक्कं वेल्डिंग, गंज लागू नये म्हणून आतून लेप, प्रायमर, रंग. मी स्वतः औसा रोडला चालवून आणली. गाडी सुतात चालत होती.

मग अक्काला फोन केला.

"झाली का? मग विक तिकडंच," ती म्हणाली.

"अक्का, रीत हाय."

"तुझी रीत घाल चुलीत. मी न्हाई येत."

"नको येऊ. गाडी दारात उभी राहील. कुत्री झोपतील तिच्यात, मी काय करू?"

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी दाजी आणि अक्का एसटी स्टँडवरून चालत आले. अक्काच्या डोक्यावर गठुडं होतं. तिनं गाडीकडं बघितलंही नाही. गाडीकडं पाठ करून ती फरशीवर बसली, गठुडं सोडलं आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही असं सगळं मांडून वेल्डरपासून शेजारच्या फर्निचरवाल्यापर्यंत सगळ्यांना वाढलं. मला म्हणाली, "बारक्या, वाळलास लई." मी लवकरच आजोबा होणार आहे आणि पोट शर्टात मावत नाही, पण अक्काला मी अजून बारक्याच आहे आणि वाळलेलाच आहे.

सगळ्यांची बोटं चाटून झाली, तेव्हा कुठं ती उठली आणि गाडीसमोर उभी राहिली. नव्या दिव्यावरून, बोनटवरून हळूच तळहात फिरवला. जिथं कठडा घुसला होता तिथं हात जरा थांबला.

"नवी नवरी करून ठिवलीस की रं," ती म्हणाली. मग लगेच, "पन मी बसणार न्हाई."

मी किल्ली पुढं केली. वेल्डरनं मशीन बंद केलं. फर्निचरवाला रंधा ठेवून दारात आला. दाजी आपल्या चपलांकडं बघत होते. अक्कानं सगळ्यांकडं एक नजर टाकली, "लई वंगाळ रीत हाय ही," असं पुटपुटली आणि किल्ली घेतली.

गॅरेजमागं तेलाच्या मिलचं मोठं पटांगण आहे. सोयाबीनच्या दिवसात तिथं ट्रकांची रांग असते, बाकी वेळी मोकळंच. अक्कानं काष्टा आवळला, बसली, गाडी सुरू केली. गिअर टाकला तो अगदी लोण्यासारखा. माझ्या जिवात जीव आला. गाडी निघाली आणि सरळ जायच्या ऐवजी उजवीकडं, चहाच्या टपरीकडं वळायला लागली. टपरीवाला पातेलं घेऊन उठला. अक्कानं ब्रेक मारला. मागं घेतली, पुन्हा निघाली. पुन्हा उजवीकडं. तिसऱ्यांदाही तेच.

ती खाली उतरली. चेहरा उतरला होता. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "बघितलंस न्हवं? गाडीत न्हाई बारक्या, माझ्या हातातच खोट हाय. सगळ्यांना उगं वाटायचं अक्का लई भारी चालवती. आता तरी सोडा मला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला बघवत नव्हतं. माझ्यातला पत्रे ठोकणारा डेंटर मात्र मेला नव्हता. तो आतून ओरडत होता की गाडी सुतात आहे, मी तिरकं मोजलंय! मी किल्ली परत तिच्या हातात कोंबली.

"एकदा. फकस्त एकदा. मी बाजूला बसतो."

या वेळी मी रस्त्याकडं बघितलंच नाही. अक्काच्या हातांकडं बघत बसलो. तिनं दोन्ही मुठी अशा आवळल्या होत्या की नखं पांढरी पडली होती. उजवा खांदा खाली दाबलेला, दंड ताठ. बैलाचा कासरा धरावा तसं तिनं स्टेअरिंग उजवीकडं ओढून धरलं होतं.

"अक्का, उजवीकडं कामून वढून राहिलीस?"

"वढत न्हाई. धरलंय."

"कशाला धरलंय?"

"कशाला म्हंजी? पिकअप उजवीकडं दाबून धरूनच चालवावी लागती. लोडाची गाडी हाय, ढिली सोडली तर डावीकडं जाती. तुला येवढं ठाव न्हाई?"

"कुणी सांगितलं तुला हे?"

"ज्यानं शिकवलं त्यानं. त्या मालकाच्या ड्रायव्हरनं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यानं."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं. अक्काचा उजवा खांदा दुखतो म्हणून माझी बायको दर दिवाळीला तिला तेल चोळून देते. सगळे म्हणायचे, खुरपून खुरपून दुखतो. ती गाडी जन्माची डावीकडं ओढत होती, विकणाऱ्याला ते ठाऊक होतं, आणि माझी बहीण रोज ती एका खांद्यावर पेलून सरळ रस्त्यावर ठेवत होती. कुणाला कळणार तरी कसं? दुसऱ्या कुणाच्या हातात तिनं ती कधी दिलीच नव्हती.

"थांब इथं," म्हणून मी उडी मारली आणि ढिगाकडं पळालो. कापून टाकलेला डावा दांडा शोधून काढला आणि आणून तिच्या दारापाशी ठेवला. खाली उतरून ती बघायला लागली. मी तिला ठिगळ दाखवलं, वाकडी शिवण दाखवली, पुट्टीचे पापुद्रे दाखवले. ही गाडी तुमच्याकडं यायच्या आधीच मोडलेली होती, हे सांगितलं. वाकड्या हाडावर चाक वाकडं, म्हणून ती डावीकडं ओढायची. ब्रेक मारला की जास्तच ओढायची.

"त्या दिवशी ब्रेक मारला तवा डावीकडंच गेली न्हवं?"

"गेली," अक्का म्हणाली. "मी लई धरली रं. लई धरली. पन ऐकंना."

"कशी ऐकंल? इतके दिवस ऐकत होती तेच नवल. दुसरा कुणी असता तर पहिल्याच आठवड्यात नाल्यात गेला असता."

अक्कानं तो दांडा दोन्ही हातांनी उचलला. जड आहे तो. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "म्हंजी मी न्हवते?"

"न्हाई अक्का. तू न्हवतीस."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मीही तोंड फिरवलं. पुट्टीची धूळ डोळ्यांत गेली असं वेल्डरला सांगितलं, त्यानं मान हलवली. मग पदराआडून जो आवाज आला तो मला आधी हुंदका वाटला, पण ती हसत होती. दांडा दाजींच्या समोर धरून ती म्हणाली, "हार घालून आणली होती ह्यांनी! झेंडूचा! नारळबी फोडला होता!" दाजींनी कपाळाला हात लावला. मी एवढी वर्षं जपलेला राग तिथंच वसूल करून घेतला. फर्निचरवाल्यासमोर, टपरीवाल्यासमोर, सगळं विचारून घेतलं त्यांना, की सख्खा मेहुणा कशाला असतो म्हणून. दाजींनी हात जोडले.

"आता बस," मी अक्काला म्हणालो. "आन हात सैल. कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी."

हात सैल सोडणं तिला धरण्यापेक्षा अवघड गेलं. गाडी जरा पुढं गेली की मूठ आपोआप आवळायची, आणि मी ओरडायचो, "पिल्लू मेलं!" दाजी मागच्या हौद्यात उभे राहून तेच ओरडायला लागले. पटांगणाला चकरांवर चकरा झाल्या. आणि मग एका चकरेला गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरल्यासारखी गेली. अक्कानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. टपरीवाल्यानं पातेलं खाली ठेवलं.

ती थांबली नाही. पटांगणाच्या फाटकातून बाहेर, तिथून रस्त्याला, रस्त्यावरून नांदेडच्या दिशेला.

"अक्का, मला उतरव. गॅरेज उघडं हाय."

"वेल्डर हाय न्हवं तिथं?"

"माझ्या पायात चप्पल न्हाई."

"माझ्या घरी चपला लई हाईत. गप बस. भोकरला जाऊन राहिलो आपण."

दाजींना पुढं घेण्यापुरती ती एकदा थांबली, तेवढंच. आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. मधे दाजी, खिडकीशी मी, ग्रीसनं माखलेल्या कपड्यांत, अनवाणी. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली, रस्ता मोकळा झाला. बायकोला फोन करून सांगितलं की अक्कानं पळवून नेलंय. ती म्हणाली, "बरं झालं."

मी मधूनमधून अक्काचा उजवा खांदा बघत होतो. तो हळूहळू वर येत होता, डाव्याच्या बरोबरीला. मग तिनं काच खाली केली, उजवा हात स्टेअरिंगवरून काढला आणि कोपर खिडकीवर ठेवून ती आरामात मागं टेकली. वाऱ्यानं पदर उडायला लागला.

दाजी घाबरले. "अगं, दोन्ही हातांनी धर की!"

"कशाला?" अक्का म्हणाली. "सरळच जाऊन राहिली की."